दहिवलीत बारा कधी वाजतात?

मित्रांनो, एक कोडं घालतो. दहिवलीत दुपारचे बारा किती वाजता वाजतात?

"हात्तिच्या! बाराचे बारा वाजता!" असं म्हणून पान उलटू नका. कोडं वाटतं तितकं सोपं नाही. आणि दहिवली कुठली, हे ठाऊक नसेल तर आधी ते सांगतो. रायगड जिल्ह्यात कर्जतला लागूनच, उल्हास नदीच्या काठी हे गाव आहे. मुंबईहून पुण्याला जाताना पुष्कळ गाड्या कर्जतला थांबतात, बोरघाट चढण्यासाठी त्यांना मागून जादा इंजिनं जोडतात आणि तेवढ्यात डब्यातली मंडळी खिडकीतून हात काढून बटाटेवडे घेतात. तेच हे कर्जत.

आता कोड्याकडे वळू. भर दुपार म्हणजे काय? सूर्य त्या दिवसातला सगळ्यांत उंच जागी पोचला की भर दुपार. आपली सावली तेव्हा सगळ्यांत आखूड असते. घड्याळं नव्हती तेव्हा 'बारा वाजले' याचा अर्थ एवढाच होता. मग दहिवलीच्या एखाद्या अंगणात काठी रोवून पाहिलं तर काय दिसेल? घड्याळात बारा वाजतात, पण काठीची सावली अजून आखडतेच आहे. सव्वाबारा होतात, तरी आखडतेच आहे. ती सगळ्यांत आखूड होते सरासरी १२ वाजून ३७ मिनिटांनी! म्हणजे घड्याळ बाराचे टोले देऊन मोकळं होतं आणि सूर्य मात्र सदतीस मिनिटं उशिरा येतो.

चूक कोणाची? घड्याळाची की सूर्याची?

कोणाचीच नाही. पण हे सांगण्याआधी तुम्ही स्वतः एकदा करून पाहा. सुट्टीच्या दिवशी होण्यासारखं आहे. सपाट अंगणात किंवा गच्चीवर हातभर लांबीची सरळ काठी उभी करा. ती नीट उभी आहे का, हे गवंडी भिंतीला लावतात त्या ओळंब्यानं तपासा. ओळंबा नसला तर दोरीला दगड बांधा, काम भागेल. सकाळी अकराच्या सुमारास सावलीच्या टोकावर खूण करा आणि वेळ लिहून ठेवा. मग दोरीचं एक टोक काठीच्या बुडाशी धरून त्या खुणेतून जाणारं वर्तुळ खडूनं काढा. सावली आखडत वर्तुळाच्या आत जाईल, मग पुन्हा लांबत लांबत दुपारी दोनच्या सुमारास वर्तुळाला शिवेल. ती वेळसुद्धा लिहा. दोन्ही वेळांच्या बरोबर मधोमध जी वेळ येते, ती तुमच्या गावची खरी भर दुपार. समजा, सकाळी ११ वाजून २ मिनिटं आणि दुपारी २ वाजून १२ मिनिटं अशा वेळा मिळाल्या, तर मध्य येतो १२ वाजून ३७ मिनिटं. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषांनी अशा काठीला 'शंकू' म्हटलं आहे. वेळ आणि दिशा ते यावरूनच काढत.

(सूर्य उगवताना किंवा मावळताना का नाही बघायचा, असं कोणी विचारेल. दहिवलीकरांना त्याचं उत्तर ठाऊक आहे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि पश्चिमेला माथेरान-प्रबळगडाची रांग! सूर्य उगवला तरी डोंगर ओलांडून वर यायला त्याला वेळ लागतो. माथ्यावरच्या सूर्याला डोंगर आड येत नाही.)

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही रागावून पत्र लिहाल. सदतीस मिनिटं ही वर्षाची सरासरी आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती कधी जरा वेगानं, कधी जरा सावकाश, आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला दहिवलीची भर दुपार १२ वाजून २० मिनिटांनीच येते, आणि फेब्रुवारीच्या मध्याला ती १२ वाजून ५१ मिनिटांपर्यंत लांबते. एप्रिलच्या मध्याला, जूनच्या मध्याला, सप्टेंबरच्या आरंभी आणि नाताळच्या सुमारास केलं तर सदतीसच्या आसपास उत्तर येईल. मे महिन्याच्या मध्यावर तर आणखी गंमत असते. सूर्य तेव्हा कर्जत-दहिवलीच्या अगदी डोक्यावर येतो. साडेबारा वाजून तीन-चार मिनिटं झाली की उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशीच होते! तोच सूर्य जुलैच्या अखेरीस पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा आपल्याकडे पाऊस एवढा असतो की सावली शोधायला ऊन तरी कुठून आणणार?

एक अंश, चार मिनिटं

पृथ्वी स्वतःभोवती एक गिरकी चोवीस तासांत पूर्ण करते. वर्तुळाचे अंश ३६०. भागून टाका. तासाला १५ अंश, म्हणजेच एका अंशाला ४ मिनिटं. अंधाऱ्या खोलीत चेंडूवर बॅटरीचा झोत टाका आणि चेंडू हळूहळू फिरवा. चेंडूवरच्या सगळ्या ठिपक्यांवर झोत एकदम पडत नाही, एकामागून एक पडतो. जो गाव पूर्वेला, तिथे दुपार आधी. जो पश्चिमेला, तिथे नंतर.

हा फरक किती बारीक असतो बघा. कर्जत साधारण ७३ अंश २० मिनिटं पूर्व रेखांशावर आहे, आणि मुंबई ७२ अंश ५० मिनिटांच्या जवळ. फरक अर्ध्या अंशाचा, म्हणजे दोन मिनिटांचा. दहिवलीची भर दुपार मुंबईच्या किल्ल्यात पोचायला दोन मिनिटं लागतात. कर्जत लोकलला त्याच वाटेला दोन तास तरी लागतात, पण ती बिचारी कल्याणचा वळसा घालून जाते!

नागपूर घ्या. ते मुंबईच्या पूर्वेला सव्वासहा अंश, म्हणजे पंचवीस मिनिटं पुढे. याचा पुरावा तुमच्या घरातल्या भिंतीवरच टांगलेला आहे. दिनदर्शिकेत संकष्टी चतुर्थीला चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात. एक वेळ नाही, गावोगावच्या वेगळ्या. "आजी, चंद्र आला का गं? भूक लागलीय!" असं मुंबईतली मुलं विचारत असतात, तेव्हा नागपूरच्या मावशीकडे मोदक संपलेलेसुद्धा असतात. तिथे चंद्र वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. पंचांगं करणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ते याला 'देशांतर' म्हणतात. आपल्या जुन्या ज्योतिषांनी शून्य रेखा मानली होती ती उज्जैनवरून जाणारी. उज्जैनची वेळ धरायची आणि आपलं गाव तिथून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती, ते पाहून वेळ कमी-जास्त करायची. ग्रीनिचची वेधशाळा बांधली गेली १६७५ साली. उज्जैनची रेखा त्याहून कितीतरी जुनी.

तेव्हा वेळ मोजायचं साधन होतं घटिकापात्र. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. घटका म्हणजे २४ मिनिटं, आणि दिवसरात्र मिळून साठ घटका. लग्नात मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवण्याची पद्धत होती. दहिवलीची घटका दहिवलीच्या सूर्योदयापासून, पुण्याची पुण्याच्या. दोन्ही ठिकाणी वेळ वेगळी आहे याची कोणाला फिकीर नव्हती. कारण दहिवलीहून पुण्याला पोचायला बैलगाडीला घाट चढून दिवस लागत. तिथे गेल्यावर दीड-दोन मिनिटांचा फरक कोण बघतो?

मग आगगाडी आली

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी निघाली. दुपारी साडेतीनच्या पुढे पाच मिनिटं झाली होती, असं सगळ्या पुस्तकांत असतं. पण हे साडेतीन मुंबईच्या सूर्याचे, बरं का! आजच्या आपल्या घड्याळात तेव्हा सव्वाचार वाजायला आले असते.

१८५६ साली लोहमार्ग पळसदरीवरून खोपोलीपर्यंत पोचला. दोन वर्षांनी, १८५८ साली, वर खंडाळ्याहून पुण्यापर्यंतची गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र पालखीनं, तट्टावर नाहीतर पायी चढायचा. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातला लोहमार्ग खुला झाला आणि मुंबई-पुणे सलग प्रवास होऊ लागला. आता दहिवलीच्या जवळून रोज इंजिनं धडधडत जाऊ लागली. आणि तेव्हाच एक अशी अडचण उभी राहिली, जिचा हजारो वर्षांत कोणी विचारच केला नव्हता.

प्रत्येक गावचं घड्याळ आपापल्या सूर्यावर लावलेलं. गाडी पूर्वेकडे निघाली की प्रत्येक स्टेशनात वेळ थोडी थोडी पुढे सरकणार. मग वेळापत्रकात छापायचं तरी काय? प्रवाशाची गाडी चुकली तर तो फार तर चार शिव्या घालेल. पण एकाच रुळावरून दोन्ही बाजूंनी गाड्या ये-जा करत असतील तर? समोरची गाडी अमुक वाजता अमुक स्टेशनात बाजूला उभी राहील, या भरवशावर ही गाडी सुटते. दोघांच्या घड्याळांत फरक पडला की संपलंच. १८५३ सालीच ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात हे खरोखर घडलं. वळणावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि चौदा माणसं दगावली. एका गाडीवरच्या माणसाचं घड्याळ मागे होतं.

इंग्लंडात ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं १८४० सालीच आपल्या सगळ्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावली होती. हिंदुस्थानात रेल्वेनं निवडली मद्रासची वेळ. मद्रासच का? मुंबई आणि कलकत्ता ही दोन मोठी शहरं, दोघांच्या वेळांत तासाहून थोडा जास्त फरक. एकीची वेळ घेतली असती तर दुसरी रुसली असती! मद्रास मधोमध. शिवाय तिथे १७९२ सालापासून वेधशाळा होती आणि तारायंत्रानं तिथली अचूक वेळ सगळ्या स्टेशनांना कळवता येत होती. १८७० च्या सुमारास रेल्वेची घड्याळं मद्रासच्या वेळेनं चालू लागली. आपण हिशेब केला तर कर्जत स्टेशनचं घड्याळ तेव्हा गावच्या सूर्याच्या अठ्ठावीस मिनिटं पुढे धावत होतं. सूर्याकडे बघून घरून निघालेल्या माणसाची गाडी हुकायचीच!

जगाची विभागणी

अमेरिकेत तर गोंधळाचा कळस झाला होता. तिथल्या रेल्वे कंपन्या मिळून पन्नासच्या आसपास वेगवेगळ्या वेळा वापरत. अखेर १८ नोव्हेंबर १८८३ या दिवशी त्यांनी आपसांत ठरवून देशाचे पट्टे पाडले. काही गावांत त्या दिवशी बारा दोनदा वाजले. एकदा जुन्या वेळेचे आणि घड्याळ मागे सरकवल्यावर पुन्हा नव्या वेळेचे.

कॅनडातले रेल्वे इंजिनिअर सँडफर्ड फ्लेमिंग यांनी तर सबंध जगाचेच असे पट्टे करावेत म्हणून पुष्कळ खटपट केली. १८७६ साली आयर्लंडमध्ये त्यांची गाडी चुकली होती, वेळापत्रकात सकाळच्या जागी संध्याकाळ छापल्यामुळे. रात्र त्यांना स्टेशनावर काढावी लागली. छपाईच्या एका चुकीतून माणूस एवढ्या मोठ्या कामाला लागतो, ही मोठी मौजच.

ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले आणि ग्रीनिचवरून जाणारी रेखा शून्य मानायची, असं बहुमतानं ठरलं. कारण? जगातली बहुतेक जहाजं तेव्हा ग्रीनिच शून्य धरून काढलेले नकाशे वापरत होती. याच परिषदेनं जगाचे २४ पट्टे पाडले, असं कुठे कुठे छापलेलं तुम्हाला आढळेल. ते तितकंसं खरं नाही. परिषदेनं आरंभ कुठून करायचा एवढं ठरवलं. पट्टे ज्या त्या देशानं पुढे आपल्या सोयीनं स्वीकारले, कोणी लगेच, कोणी तीस-चाळीस वर्षांनी. फ्रान्सला तर इंग्रजांच्या गावाचं नावसुद्धा नको होतं! १९११ साली त्यांनी ग्रीनिचची वेळ घेतली, पण कायद्यात लिहिलं काय, तर 'पॅरिसची वेळ, ९ मिनिटं २१ सेकंदांनी मागे'. म्हणजे ग्रीनिचच, फक्त नाव न घेता.

म्हणूनच नकाशात वेळेचे पट्टे सरळ रेघांचे दिसत नाहीत. देशांच्या सीमा धरून ते वेडेवाकडे जातात. चीन एवढा अवाढव्य, तरी सगळीकडे बीजिंगची एकच वेळ. रशियात मात्र अकरा वेळा. आपला शेजारी नेपाळ ग्रीनिचच्या पुढे ५ तास ४५ मिनिटं, आपल्यापेक्षा पाव तासानं पुढे.

मुंबईनं ऐकलं नाही

आता पुन्हा आपल्याकडे येऊ, कारण सगळ्यांत रंगतदार भांडण आपल्या मुंबईतच झालं.

मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे मद्रासच्या वेळेनं चाले, ती आणखी अर्धा तास पुढे. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी फर्मान काढलं की मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांनीही मद्रासची वेळ पाळावी. लोक चिडले. आमच्या शहरावर सूर्य येतो त्याची वेळ सोडून आम्ही मद्रासच्या सूर्यावर का जेवायचं? तेव्हा मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर बांधून नुकतीच कुठे दोन-तीन वर्षं झाली होती. प्रेमचंद रायचंद या धनिकानं त्यासाठी देणगी दिली आणि मनोऱ्याला आपल्या आईचं नाव दिलं. राजाबाईंना दिसत नसे आणि जैन रीतीप्रमाणे त्या सूर्यास्ताआधी जेवत, घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळे, अशी गोष्ट सांगतात. तर या घड्याळावरूनच जुंपली. रात्री घड्याळाच्या तबकडीवर दिवे लावायचा खर्च सरकार देईल, पण काटे मद्रासची वेळ दाखवतील तरच! विद्यापीठानं मुंबईचीच वेळ ठेवली. १८८३ साली सरकारनं हुकूम मागे घेतला.

ही झाली पहिली फेरी. दुसरी याहून जोराची झाली.

१९०५ साली सरकारनं ठरवलं की सबंध हिंदुस्थानासाठी एकच प्रमाणवेळ करायची, ग्रीनिचच्या बरोबर साडेपाच तास पुढे. पंधरा अंशांच्या हिशेबात ७५ अंशांवर ५ तास होतात आणि ९० अंशांवर ६. आपला देश नेमका या दोहोंच्या मध्ये, म्हणून ८२ अंश ३० मिनिटांची रेखा धरली. ती उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. आपला तो अर्धा तास आला तो असा. १ जानेवारी १९०६ पासून मुंबईची घड्याळं ३९ मिनिटं पुढे करा, असं फर्मान निघालं.

३९ मिनिटं पुढे म्हणजे नेमकं काय, हे गिरणी कामगाराच्या घरात जाऊन बघायला हवं. त्याच्याकडे घड्याळ नाही. गिरणीचा भोंगा हेच त्याचं घड्याळ. भोंगा कालपर्यंत वाजत होता त्याहून ३९ मिनिटं आधी वाजणार. जानेवारीचे दिवस, मुंबईत सूर्य सगळ्यांत उशिरा उगवतो तो काळ. म्हणजे काळोखात उठून, काळोखात भाकरी बांधून निघायचं. या गिरण्यांत कोकणातली, देशावरची हजारो माणसं होती. आपल्याकडच्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावांचीही. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात मुंबईतल्या एका गिरणीच्या कामगारांनी मागावर जायला नकार दिला आणि गिरणीवर दगडफेक केली. घड्याळाचा काटा फिरवणं ही साधी गोष्ट नाही, हे साहेबांना तेव्हा कळलं असेल.

वातावरणही तापलेलं होतं. ऑक्टोबर १९०५ मध्ये लॉर्ड कर्झननं बंगालची फाळणी केली होती. स्वदेशीची चळवळ सुरू झाली होती. त्यात ही 'सरकारी वेळ'! फिरोजशहा मेहता मुंबई महापालिकेतले मोठे वजनदार पुढारी. लोकांना विश्वासात न घेता सरकार त्यांची वेळ बदलूच कशी शकतं, हा मुद्दा त्यांनी लावून धरला. १९०६ सालीच महापालिकेनं ठराव केला की पालिकेची घड्याळं मुंबईच्या वेळेनंच चालतील.

मग काय! एकाच शहरात दोन वेळा. बोरीबंदरच्या स्टेशनावर स्टँडर्ड टाईम आणि तिथून दहा मिनिटांच्या चालीवर क्रॉफर्ड मार्केटच्या मनोऱ्यावर मुंबई टाईम. मंडईतून दहा वाजता निघालात की स्टेशनात पोचेपर्यंत दहा वाजून ४९ मिनिटं! सभेला, लग्नाला, नाटकाला बोलावलं की आधी विचारून घ्यायचं, "कोणत्या टाईमानं?" कर्जतहून सकाळच्या गाडीनं मुंबईला बाजारहाटाला जाणाऱ्यांची काय त्रेधा उडत असेल, कल्पना करा. हा कारभार एक-दोन वर्षं नाही, स्वातंत्र्य मिळून गेल्यावरही चालू होता. कलकत्त्यानं आपली वेगळी वेळ १९४८ साली सोडली. (ती प्रमाणवेळेच्या २४ मिनिटं पुढे होती, म्हणजे बरोबर एक घटका!) मुंबईची वेळ १९५० नंतरच्या काही वर्षांत पुसली गेली. तुमच्या आजोबांना नाहीतर पणजोबांना विचारून पाहा, ते तेव्हा मुंबईत असतील तर 'मुंबई टाईम' आठवत असेल.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंत तथ्य होतं. रेल्वे, तारायंत्र, टपाल यांना एक वेळ हवीच होती, त्याशिवाय गाड्या सुखरूप चालल्या नसत्या. पण ज्याला पहाटे उठायचं त्याला कोणी विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

वाद अजून संपलेला नाही

आज ती जागा मुंबईनं ईशान्य भारताला दिली आहे. आपला देश गुजरातपासून अरुणाचलपर्यंत जवळजवळ २९ अंश पसरला आहे. करा गुणाकार. जवळजवळ दोन तास! जूनमध्ये अरुणाचलच्या पूर्व टोकाला पहाटे साडेचारच्या आतच सूर्य वर येतो, तेव्हा द्वारकेत गुडुप अंधार असतो. तिथे सहा वाजून गेल्यावर सूर्य दिसतो. हिवाळ्यात उलट पंचाईत. डिसेंबरमध्ये इटानगरला दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळा सुटून मुलं घरी येतात ती खेळायला नाही, दिवा लावायला. आपल्याकडे तेव्हा क्रिकेटचा दुसरा डाव सुरू असतो.

आसामच्या चहामळेवाल्यांनी यावर कधीच तोड काढली आहे. त्यांची 'बागान वेळ' प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असते. घड्याळात आठ वाजले की मळ्यात नऊ. पानं खुडणाऱ्या बाया उजाडल्यावर लगेच कामाला लागतात आणि अंधारायच्या आत घरी जातात. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली ही पद्धत मळ्यांत आजही आहे.

देशाची प्रमाणवेळ सांभाळण्याचं काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. तिथे सीझियमची अणुघड्याळं आहेत. २०१८ साली तिथल्याच शास्त्रज्ञांनी एक योजना मांडली. आसाम आणि पश्चिम बंगालच्या सीमेपाशी देशाचे दोन भाग करावेत आणि पलीकडच्या राज्यांची घड्याळं एक तास पुढे न्यावीत. विजेची बचत होईल, कामाला उजेड मिळेल. तिथला भूभाग अगदी चिंचोळा असल्यामुळे वेळ बदलावी लागेल अशी रेल्वे स्टेशनंही मोजकीच.

पण विरोध करणारे नेमकं रेल्वेकडेच बोट दाखवतात. आपल्याकडे एवढ्या गाड्या, एवढी माणसं! सीमेवर एखाद्यानं घड्याळ सरकवायचं विसरलं तर? १८५३ सालच्या त्या वळणावर काय झालं, ते तुम्ही मघाशी वाचलंत. शिवाय आधीच दूर वाटणारी राज्यं वेगळ्या वेळेमुळे आणखी दूर वाटतील, असंही काहीजण म्हणतात. सरकारनं ही योजना स्वीकारलेली नाही. त्यामुळे द्वारका, दहिवली आणि दिब्रुगड या तिन्ही ठिकाणी आज शाळेची घंटा एकाच घड्याळानं होते, आणि दिब्रुगडच्या मुलांनी हिवाळ्यात खेळायचं कधी, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.